चालतंय ना, मग बदलायचं कशाला?

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात परवापर्यंत विंडोज एक्सपी चालताना मी पाहिलंय. लग्नपत्रिका, स्मरणिका, मंडळांचे अहवाल, सगळं पेजमेकरमध्ये. मी विचारलं, "काका, हे बदलत का नाही?" ते स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाले, "चालतंय ना? मग बदलायचं कशाला?"

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

आधी काकांची बाजू. एक्सपी 2001 मध्ये आलं. अवघ्या 64 एमबी रॅमवर ते कसंबसं का होईना, चालायचं. आज तुमच्या फोनची रॅम त्याच्या शंभरपट तरी असेल. एक्सपी मधेच अपडेटसाठी अडून बसत नाही, जाहिराती दाखवत नाही, रोज नव्यानं शिकायला लावत नाही. शिवाय एक खास मराठी कारण आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या 'श्रीलिपी'सारख्या सॉफ्टवेअरवर मराठी छपाईचा मोठा डोलारा उभा राहिला. त्या काळातली फाइल तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली, की मराठीऐवजी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. म्हणजे काकांचं जुनं मशीन हा हट्ट नाही, ती एका मोठ्या कपाटाची किल्ली आहे.

आता दुसरी बाजू. 8 एप्रिल 2014 ला मायक्रोसॉफ्टनं एक्सपीचा सपोर्ट थांबवला. त्यानंतर सापडलेली सुरक्षेची भोकं सहसा कुणी बुजवत नाही. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' पसरलं, ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांना ऑपरेशनं रद्द करावी लागली, तेव्हा कंपनीनं अपवाद म्हणून एक्सपीलाही दुरुस्ती दिली. पण गंमत अशी, की त्या हल्ल्यात सापडलेले बहुतेक कॉम्प्युटर एक्सपीचे नव्हते, विंडोज 7 चे होते. त्यांच्यासाठीची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, ती बसवली गेली नव्हती. घात नुसत्या वयानं होत नाही, देखभाल सुटल्यानं होतो.

मला खरी नैतिक गाठ इथे दिसते. जुन्या सिस्टीमचा फायदा मालकाला मिळतो आणि तोटा बहुधा दुसऱ्याच्या वाट्याला जातो. पेठेतल्या जुन्या वाड्यासारखं आहे हे. जाड भिंती, गारवा, कमी भाडं, हे सुख माझं. पण कुजलेल्या वायरिंगनं आग लागली, तर ती माझ्या खोलीपाशी थांबत नाही. काकांच्या दुकानात दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह लागतात, आधार कार्डाच्या प्रती निघतात. त्या लोकांना कुणी विचारलेलं नसतं. म्हणूनच 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेनं एटीएममधल्या एक्सपीसारख्या सिस्टीम बदलायला बँकांना मुदत घालून दिली. तिथे 'चालतंय ना' हे उत्तर पुरेसं नव्हतं.

तरी सगळा दोष काकांच्या माथी मारणं मला पटत नाही. एखादी वस्तू जुनी झाली, हे ठरवतं कोण? विंडोज 10 चा नेहमीचा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. कितीतरी धडधाकट कॉम्प्युटर विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. निर्णय कंपनीचा, खर्च गल्लीतल्या दुकानदाराचा आणि भंगार शहराचं. सुरक्षेचं कारण खरं असलं, तरी त्याचं बिल नेहमी सगळ्यात लहान माणसाच्या हातात का द्यायचं?

माझ्यापुरती मी एक कसोटी ठरवली आहे: धोका फक्त माझा असेल, तर निर्णय माझा. दुसऱ्याचा असेल, तर त्यालाही विचारायला हवं. त्या हिशेबानं एक्सपी ठेवायला हरकत नाही. पण त्याचं इंटरनेट काढावं, जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणाव्यात आणि लोकांचे पेनड्राइव्ह नि कागदपत्रं दुसऱ्या मशीनवर घ्यावीत.

आणि काकांना हे सांगायला जाण्याआधी आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. त्या फोनमध्ये फक्त तुमचे पैसे नाहीत. तुमच्या मित्रांचे नंबर, घरच्यांचे फोटो आणि आईनं व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं तिचं पॅन कार्डही आहे.