पडत्या काळांत गरिबाचा वांटा कोणीं द्यावा?

सुबत्तेच्या वर्षीं सरकारच्या तिजोरींत कर भरपूर येतो आणि साह्य मागणारे थोडे असतात. दुष्काळ किंवा मंदी आली म्हणजे नेमकें उलट होतें. कर आटतो व गरजवंत वाढतात. मग गरिबास जगविण्याचा पैसा कोठून आणावा? मार्ग तीनच आहेत: खर्च छाटणें, कर्ज काढणें, अथवा ज्यांची मिळकत चालू आहे त्यांजकडून कर घेणें. यांपैकीं न्याय्य कोणता, याचा आपण विचार करूं.

पहिला मार्ग सोपा दिसतो. कोरोनाच्या टाळेबंदींत, ४ मे २०२० रोजीं, महाराष्ट्र सरकारनें विकासकामांच्या ठरलेल्या निधीपैकीं केवळ ३३ टक्केच देण्याचें ठरविलें. परंतु ज्याच्या कणगींत धान्य आहे तो काम थांबलें तरी जगतो. सापगावाच्या आसपासचें जें भूमिहीन कुटुंब पावसाळा संपतांच वीटभट्टीची वाट धरतें, त्याचें काम थांबलें कीं चूलही थांबते.

दुसरा मार्ग कर्जाचा. त्याच वर्षीं केंद्र सरकारनें रोजगार हमीच्या ६१,५०० कोटी रुपयांत आणखी ४०,००० कोटींची भर घातली. करांचें उत्पन्न घटलें असतां असा खर्च कर्जावांचून होत नाहीं. कर्ज मुलांना फेडावें लागतें हें खरें. पण उपासानें खंगलेलीं मुलें तें काय फेडणार? त्या पैशांतून माणसें वांचलीं आणि बांध व तळीं मागें राहिलीं, तर तें कर्ज वायां गेलें असें म्हणतां येत नाहीं.

तिसरा मार्ग महाराष्ट्रानें १९७२ च्या दुष्काळानंतर धरला. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेल्या रोजगार हमी योजनेसाठीं १९७५ सालीं व्यवसाय कर बसविण्यांत आला. तो शहरांतील पगारदारांसही द्यावा लागे. मात्र त्या काळीं राज्यघटनेच्या मर्यादेमुळें तो एका माणसास वर्षाला २५० रुपयांहून अधिक बसूं शकत नव्हता. पुढें कायदा होऊन तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलांत आला, आणि काम मागणें हा मजुराचा हक्क झाला.

मुंबईचा कारकून म्हणेल, खेड्यांतील मजुराचा भार मीं कां वाहावा? त्यानें आपल्या नळाकडे पाहावें. त्यांतील पाणी पुष्कळ अंशीं शहापूर तालुक्यांतील तानसा व भातसा या धरणांचें आहे. ज्याचें पाणी प्यावें, त्याच्या पडत्या काळीं हात देणें हा उपकार नव्हे; ती परतफेड होय. शिवाय मजूरही आगपेटी घेतांना कर देतोच.

तथापि कर घेतल्यानेंच न्याय होत नाहीं. १८७८ सालीं इंग्रज सरकारनें दुष्काळनिवारणाच्या नांवानें व्यापाऱ्यांवर परवाना कर बसविला. पण लवकरच अफगाण युद्धाचा खर्च आला आणि तो निधी राखून ठेवला गेला नाहीं. संकटासाठीं घेतलेला पैसा संकटापर्यंत पोहोंचला नाहीं, तर घेणारा विश्वासघातकी ठरतो.

म्हणून, वाचकहो, गरिबाचा वांटा सुबत्तेंतच बाजूला काढावा, तो कायद्यानें बांधावा, आणि पडत्या काळीं त्याला शेवटीं हात लावावा. ग्रामसभेंत त्याचा हिशेब नम्रपणें परंतु न भितां विचारावा. कारण आपल्या हक्काचा हिशेब मागणारा मनुष्य भिकारी नसतो.