दुरून पाहिलेला धोंडा

चीन देशांतील शीचांग येथून २९ मे २०२५ रोजीं तियानवेन-२ नांवाचें यान आकाशांत सोडण्यांत आलें. त्यांत मनुष्य नाहीं. सर्व काम यंत्रांनींच करावयाचें आहे. नांवाचा अर्थ ‘आकाशास प्रश्न’ असा होतो, व तो आम्हांस फार आवडला.

प्रश्न एका धोंड्याविषयीं आहे. २०१६ सालीं हवाई बेटांतील हालेआकाला पर्वतावरील दुर्बिणीनें तो सांपडला, व त्यास कामोओआलेवा असें नांव पडलें. अदमासें ४० ते १०० मीटर एवढाच तो आहे, आणि सुमारें २८ मिनिटांत स्वतःभोंवतीं एक गिरकी घेतो. सूर्याभोंवतीं फिरतांना तो पृथ्वीची अशी सोबत करितो कीं, जणूं तिच्याच भोंवतीं फिरतो असें दिसावें. २०२१ सालीं विद्वानांनीं त्याचा प्रकाश तपासला, तेव्हां चंद्रावरून आणलेल्या दगडांशीं त्याचें साम्य दिसलें. पुढें २०२४ सालीं कित्येकांनीं चंद्राच्या पलीकडल्या बाजूच्या जोर्दानो ब्रुनो नामक विवरापर्यंत माग नेला. तेथूनच हा तुकडा उडाला असावा, असें ते म्हणतात.

‘असावा’ हा शब्द ध्यानांत धरा. पुरावा लहान नाहीं. तरी ‘आहे’ म्हणावयास त्यांची जीभ धजत नाहीं. त्या एका शब्दासाठीं यान कोट्यवधि मैल पाठविलें आहे. जवळ गेल्यावरही त्यानें एकदम उतरावयाचें नाहीं. आधीं पुष्कळ दिवस धोंड्याचें निरीक्षण करावयाचें, मग हलकेच स्पर्श करून मूठभर माती घ्यावयाची, असें ठरलें आहे. धोंड्यास स्वतःची ओढ जवळजवळ नाहींच. जोराचा धक्का लागला तर यान दूर फेंकलें जाईल.

आणि आपल्या मंडळ्यांत काय चालतें? कोणी तीन रविवार उपासनेस आला नाहीं, कीं पाणवठ्यावर निकाल होतो: तो मागें फिरला. कोणी ‘फिरला असावा’ असेंही म्हणत नाहीं! त्याच्या घरीं ताप आहे कीं सावकार बसला आहे, हें पाहावयास एक कोस चालून जाणारा आढळत नाहीं. कित्येक ठिकाणीं प्रचारकही जात नाहीं. हें लिहितांना आम्हांस दुःख होतें. थोमानें जखमांस हात लावूं मागितला, म्हणून प्रभूनें त्यास घालवून दिलें नाहीं.

यानास दुसरेंही काम आहे. मंगळ व गुरु यांमधील लघुग्रहांच्या पट्ट्यांत ३११पी नांवाची वस्तु फिरते. तेथें उघडे धोंडेच असावयाचे. पण २०१३ सालीं हबल दुर्बिणीनें पाहिलें, तों तिला सहा शेपट्या! शेंडेनक्षत्र दिसलें कीं अरिष्ट येतें, असें अजून आपल्यांतील कांहीं घरांतही बोलतात. सहा शेपट्या पाहून ह्या लोकांनीं मात्र एवढेंच ठरविलें कीं, जवळ जाऊन पाहावें. २०२७ सालाच्या अखेरीस मातीची कुपी पृथ्वीवर सोडावयाची, पण यानानें स्वतः उतरावयाचें नाहीं. तेथूनच वळून त्या धूमकेतूकडे जावयाचें, असा बेत आहे. त्या वाटेस आणखी कांहीं वर्षें लागतील.