न वाचलेली ओळ

औषधाच्या खोक्यात घडी करून ठेवलेला कागद आमच्या जसोंडीत सहसा कोणी उलगडत नाही. अक्षर मुंगीएवढे, भाषा इंग्रजी. डॉक्टर हिंदीत सांगतात, घरात मराठी बोलतात. मधे जे सांडते ते विचारायला लोक माझ्यासारख्या निवृत्त मास्तराकडे येतात.

असेच एकदा शेजारचे आप्पा आले, बरोबर मुलगा. रक्तदाब नुकताच निघाला होता आणि ॲटेनोलॉल सुरू झाले होते. "मास्तर, यात काय लिहिलंय ते वाचून दाखवा." मी वाचू लागलो : थकवा, हातपाय गार पडणे, नाडी मंदावणे. पुढची ओळ पुरुषाच्या कामशक्तीविषयी होती. मुलाकडे पाहिले आणि ती मी गाळली.

भीड होतीच, पण हिशेबही होता. भीतीनेच माणूस खचतो, मग भीती घालावी कशाला? पुढे वाचनात आले की इटलीतल्या डॉक्टरांनी २००३ साली नेमके हेच तपासून प्रसिद्ध केले होते. ९६ पुरुषांना हीच गोळी दिली. ज्यांना काहीच सांगितले नव्हते, त्यांच्यात तक्रार शेकडा तिघांची. ज्यांना औषधाचे नाव ठाऊक होते, त्यांच्यात शेकडा पंधरा-सोळा. ज्यांना परिणामही सांगितला, त्यांच्यात एकतीस! मला बरे वाटले. आपण शहाणपणाच केला.

पण सारेच काही मनाचे खेळ नसतात. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या, नैराश्यावरच्या कित्येक गोळ्या खरोखरच इच्छा किंवा शक्ती कमी करतात. आणि रक्तदाब, मधुमेह हे आजारही तेच करतात, मग दोष कोणाचा हे कसे कळावे? तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात. दारू आधी भीड घालवते, मग बळ. अफूने वेळ लांबतो म्हणून तिची ख्याती. रोजच्या अफूने शरीरातले पुरुषत्वाचे द्रव्यच घटते, हे मात्र कोणी सांगत नाही. सांगतात त्या भिंतीवरच्या 'मर्दानी कमजोरी'च्या जाहिराती. तसल्या चूर्णांत कधीकधी सिल्डेनाफिल गुपचूप मिसळलेले असते आणि हृदयविकारासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याच्या ते जिवावर बेतू शकते. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढून हे विषय मराठीत मांडले, त्यापायी खटले सोसले. तरी आमच्या ओसरीवर अजून त्यासाठी सरळ शब्द नाही.

त्या इटलीतल्या पुरुषांना पुढे कोणीतरी विचारणारे होते, हे माझ्या ध्यानात उशिरा आले. न सांगणाऱ्यानेच मागाहून विचारायचे असते. मी आप्पांना कधी विचारले नाही.

काही महिन्यांनी आप्पांनी गोळी सोडली, तीही एकाएकी. असे केले की रक्तदाब उसळतो. केळीच्या बागेतच ते कोसळले. उजवा हात अजून पुरता उठत नाही.

भेटायला गेलो. "गोळी का सोडलीत?" मुलगा बाहेर जाईपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "तुम्ही वाचता वाचता अडखळला होता ना मास्तर, तेव्हाच मी ओळखलं."

डॉक्टरांनी आता गोळी बदलून दिली आहे. तिचा कागद घेऊन आप्पा परवा आले. या खेपेला एकटेच.