दासी आणि तिचे धनी
वचन : प्रेषितांचीं कृत्यें १६:१६-१९



फिलिप्पै नगरांत एक दासी पौलाच्या मागें लागली, ही कथा आपणांस ठाऊक आहे. तिच्या अंगीं दुष्ट आत्मा होता, आणि तिच्या पीडेवर तिच्या धन्यांची कमाई चालत असे. पौलानें दासीस दोष लाविला नाहीं. तिला धरून ठेवणाऱ्या आत्म्यास निघून जाण्याची आज्ञा केली. दासी मुक्त झाली. पण मिळकतीची आशा बुडाली म्हणून धनी संतापले, व त्यांनीं पौल व सीला यांस अधिकाऱ्यांपुढें ओढीत नेलें.

राजूर गांव कोळशाच्या खाणीवर वाढलें. येथील मजुरी घरीं पोहोंचण्यापूर्वीं कोणाच्या गल्ल्यांत जाते? दारू, गांजा, गर्द. नांवें निरनिराळीं, व्यापार एकच. दुसऱ्याची पीडा हेंच त्याचें भांडवल.

आपल्या तालुक्याच्या ठिकाणीं, वणी येथें, एप्रिल २०२१ मध्यें काय घडलें तें आपण विसरलों नाहीं. टाळेबंदीमुळें दारूचीं दुकानें बंद होतीं. तेव्हां कांहीं मजुरांनीं हातांस लावावयाचें सॅनिटायझर पिऊन तलफ भागविली, आणि सात जण प्राणास मुकले. ते मूर्ख होते, असें म्हणून आपण मोकळे होऊं नये. ज्याचें शरीर वर्षानुवर्षें दारूवर टेकलें, त्याची दारू एकाएकीं तुटली म्हणजे हात कांपतात, झोप उडते, भ्रम होतो, फेपरें येतें. कधीं प्राणही जातो. गर्दाची मात्रा अधिक झाली तर श्वास मंदावून थांबतो. एकच सुई अनेकांनीं टोचून घेतल्यास एड्स व कावीळ यांचे विषाणू पसरतात. हा आजार आहे.

म्हणून उपदेशक बंधूंनो, अशा भावास खोलींत कोंडून केवळ उपास करवूं नका. प्रार्थना अवश्य करा, आणि त्याच दिवशीं त्यास डॉक्टराकडे न्या. ही कथा लिहिणारा लूक स्वतः वैद्यच होता. पुण्यास १९८६ सालीं डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं मुक्तांगण काढलें. तेथें व्यसनी मनुष्यास रोगी समजून आश्रय देतात. परंतु दिल्लीच्या एम्स संस्थेनें सरकारकरितां केलेल्या व २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें, दारूच्या पूर्ण आहारीं गेलेल्या सुमारें ३८ जणांपैकीं एकासच कांहीं उपचार मिळतो. उरलेले ३७ कोठें आहेत? आपल्या शेजारीं, कित्येकदां उपासनेच्या शेवटल्या ओळींत.

१९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यांत मोठा साठा विकणाऱ्यास १० ते २० वर्षें सक्तमजुरी सांगितली आहे. उलट, थोडा माल जवळ असलेला व्यसनी आपखुशीनें उपचार घेईल तर त्यास खटल्यांतून सूट मिळूं शकते. दासी कोण व धनी कोण, हा भेद सरकारास कळतो. मग मंडळीस कळूं नये काय? आपण तर बहुधा पिणाऱ्यास सभेबाहेर घालवितों, आणि विकणाऱ्याचें दान थैलींत घेतों!

जो भाऊ मोहाची दारू गाळून विकतो, त्याच्या घरीं वडील मंडळींनीं जावें. प्रेमानें बोलावें, पण स्पष्ट बोलावें. आणि दुसरा धंदा उभा करण्यास त्यास हात द्यावा. तो रागावेल. पौलासही छड्या बसल्या. पण त्याच रात्रीं बंदिशाळेच्या नायकानें त्याचे घाव धुतले, आणि दासी तर आधींच मुक्त झाली होती. प्रभु आपणांस तें धैर्य देवो. आमेन.