आहार, मन आणि उपवास

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी व त्यांचा पुत्र श्वेतकेतू यांचा संवाद आला आहे. खाल्लेल्या अन्नाचा स्थूल भाग शरीराबाहेर टाकला जातो, मध्यम भागाचे मांस बनते आणि अतिसूक्ष्म भागाचे मन बनते, असे पिता सांगतात. पुत्र अधिक स्पष्टीकरण मागतो. तेव्हा पिता त्यास पंधरा दिवस अन्न वर्ज्य करून केवळ पाणी पिण्याची आज्ञा करतात. त्यानंतर त्यास वेदमंत्र म्हणावयास सांगितले जाते. पण बारा वर्षे गुरुगृही अध्ययन केलेल्या त्या तरुणास काहीच आठवत नाही. पुढे तो जेवतो आणि विचारलेले सर्व सांगतो. काजव्याएवढा उरलेला निखारा गवत घालताच पुन्हा पेट घेतो, असा दृष्टांत तेथे दिला आहे.

या कथेतून एक प्रश्न उभा राहतो. मन जर अन्नावर अवलंबून असेल, तर उपाशीपोटी आलेल्या रागाचा दोष कोणाकडे जातो?

हा प्रश्न तीर्थक्षेत्री नित्य प्रत्ययास येतो. एकादशीच्या दिवशी भाविक पहाटे उठतो, प्रवास करतो, दोन-तीन कप चहा घेतो आणि दर्शनाच्या रांगेत उभा राहतो. दुपारपर्यंत क्षुल्लक धक्क्यावरून वाद होतो, लहान मुलावर हात उगारला जातो, सेवेकऱ्याला अपशब्द ऐकावे लागतात. ज्या व्रताचा हेतू मन ईश्वराच्या सन्निध नेणे हा आहे, त्याच व्रताच्या दिवशी मन सर्वांत अधिक क्षुब्ध होते.

देहात काय घडते

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के असते. परंतु विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. ही ऊर्जा त्यास मुख्यतः रक्तातील साखरेतून मिळते. साबुदाणा हा टॅपिओकाच्या कंदापासून बनवितात आणि तो जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ आहे. त्यात प्रथिने नाममात्र असतात. तो एकटाच खाल्ला तर रक्तातील साखर वेगाने चढते. पुढे ती उतरू लागली की अनेकांना सुस्ती येते व पुन्हा भूक लागते. खिचडीतील दाण्याच्या कुटामुळे हा वेग मंदावतो. सोबत दही किंवा ताक घेतल्यास प्रथिनांची भर पडते.

चहाची गोष्ट वेगळी आहे. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते व थकव्याची जाणीव देते. चहा-कॉफीतील कॅफिन ही जाणीव रोखून धरते; थकवा मात्र जागीच राहतो. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जाण्यास सर्वसाधारणपणे पाच तास लागतात. म्हणूनच संध्याकाळी उशिरा घेतलेला चहा अनेकांची झोप बिघडवितो. याउलट, रोज अनेक कप चहा घेणाऱ्याने व्रतासाठी तो एकदम सोडला, तर साधारण एका दिवसाच्या आत डोके दुखू लागते व चिडचिड होते. भाविक त्या वेदनेस व्रताचे कष्ट समजतो. वास्तविक ते सवयीचे कष्ट असतात. उन्हात चालताना पाणी कमी पडले तरी थकवा येतो व चित्त एकाग्र राहत नाही.

पदार्थ की हेतू?

साबुदाण्याचा मूळ कंद, बटाटा, रताळे, शेंगदाणा व मिरची ही सर्व मूळची अमेरिका खंडातील पिके होत. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर ती भारतात रुजली. याचा अर्थ उपवासाच्या पदार्थांची यादी काळानुसार बदलत आली आहे. व्रताचा हेतू मात्र तोच आहे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण लोकांनीच हेतू विसरणाऱ्यांसाठी घडविली.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. अति तिखट, अति खारट, अति उष्ण अन्न दुःख व रोग देणारे म्हटले आहे. त्याच अध्यायात शरीरास व्यर्थ पीडा देणाऱ्या तपाचाही निषेध आहे. सहाव्या अध्यायात तर अति खाणारा व मुळीच न खाणारा या दोघांनाही योग साधत नाही, असे सांगितले आहे.

दोष कोणाचा?

येथे मूळ प्रश्नाचे उत्तर सापडते. आहार मनाला कल देतो; पण आपल्या मनाचा कल कोणत्या वेळी कोठे जातो हे ज्यास ठाऊक झाले, त्याच्यावर त्या ज्ञानाची जबाबदारी येते. आपण उपाशी असता चिडतो हे ओळखणाऱ्याने व्रत झेपेल तेवढेच धरावे, पाणी सोबत ठेवावे आणि राग येण्याची वेळ आधीच ओळखावी. ‘उपवास होता म्हणून बोललो’ ही सबब त्याने देऊ नये.

दुसऱ्याच्या बाबतीत मात्र हेच ज्ञान क्षमेकडे नेते. सकाळपासून उभा असलेला सेवेकरी तुटक बोलला, तर त्याने पाणी तरी घेतले आहे का, हे आधी विचारावे. घरातील ज्या स्त्रीने पहाटे उपवासाचा फराळ व मुलांचा स्वयंपाक असे दुहेरी काम केले आणि स्वतः मात्र शेवटी खाल्ले, तिच्या स्वरातील कडवटपणा हा स्वभावदोष मानणे अन्यायाचे होय. तिचे ताट आधी वाढणे हा त्यावरील उपाय आहे. अन्नदानाला श्रेष्ठ मानण्यामागील एक कारण येथे उमगते. भुकेल्याला घास देणारा त्याचे मनही त्यास परत देत असतो.

मधुमेहाची औषधे घेणारे, वृद्ध, गर्भवती माता व बालके यांनी वैद्यकीय सल्ल्याविना कडक उपवास करू नये. त्यांनी वेळेवर घेतलेल्या आहाराने भक्तीत उणेपणा येत नाही. शांत चित्ताने जोडलेले हात देवापुढे रिकामे नसतात.