न विचारलेला दोष

जुम्म्याच्या नमाजनंतर एक गृहस्थ मशिदीच्या वऱ्हांड्यात रेंगाळले. वडिलांची कापडी छताची जुनी विलीज जीप त्यांनी दोन वर्षे खपून नवीसारखी केली होती आणि ती पाहण्यास नाशिकहून एक शौकीन येणार होता. एकेकाळी तोरणमाळच्या घाटात झालेल्या अपघातात तिची चासी एका जागी मोडली होती. वेल्डिंग करून, घासून, वर रंग दिल्यावर तो सांधा आता जाणकारालाही दिसत नाही. "मौलाना, त्याने विचारलेच नाही, तर सांगणे माझ्यावर बंधनकारक आहे काय?"

विलीज मुळात अमेरिकन. ती भारतात जुळवणारी कंपनी 1945 मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने निघाली होती. भागीदार मलिक गुलाम मुहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. अशा गाडीवर जीव जडणे मी समजू शकतो.

विकावयाच्या वस्तूचे रूप सुधारण्यात पाप नाही. परंतु प्रेषितांनी (स.) विक्रीपूर्वी जनावराचे दूध न काढता कास फुगवून ठेवण्यास मनाई केली. विचार करा, तेथे कास खरी आहे, दूधही खरे आहे. खोटे आहे ते गिऱ्हाइकाच्या मनात मुद्दाम उभे केलेले अनुमान. आपल्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचे दात पाहून वय ताडतात, त्याला चालवून पाहतात. रंगाखालच्या लोखंडाला मात्र दाखवायला दात नाहीत.

धान्याच्या राशीची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. प्रेषितांनी (स.) राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे व्यापारी म्हणाला, आणि ते खरेही असेल. पण भिजलेले वर का ठेवले नाही, एवढेच त्याला विचारले गेले, आणि फसवणारा आपल्यातला नव्हे असे बजावले गेले. त्या राशीविषयीही कोणी गिऱ्हाईक आधी विचारावयास आले नव्हते.

आता अवघड बाजू. गृहस्थांनी कोठेतरी ऐकले होते की 'जशी आहे तशी' म्हणून विकले की आपण मोकळे. हे निराधार नाही. विक्रेत्याने सर्व दोषांची जबाबदारी नाकारली आणि गिऱ्हाइकाने ते मान्य केले, तर हनफी फिक्हनुसार पुढे दोषासाठी वस्तू परत करता येत नाही. इतर इमामांचे येथे मतभेद आहेत. परंतु हा निर्णय काझीसमोरच्या दाव्याचा आहे. विक्रेत्याला ठाऊक असलेला दोष त्याने लपवावा, अशी परवानगी त्यातून कशी निघेल? खुद्द इमाम अबू हनीफा कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने सदोष कापड दोष न सांगता विकले आणि गिऱ्हाईक पुन्हा सापडेना, तेव्हा इमामांनी ती सारी रक्कम दान करून टाकली. ज्यांच्या मजहबाचा आधार आपण घेऊ पाहतो, त्यांनी स्वतः त्याच्या आड आश्रय घेतला नाही.

शौकिनाने स्वतःचा मेकॅनिक आणावा, असेही ते म्हणाले. आणावाच. पण उतारावर सांधा सुटला तर गाडीत त्याची मुलेबाळेही असतील.

जीपमध्ये मागाहून डिझेल इंजिन बसवले आहे, ते सुरू होताच कळते. म्हणून त्याविषयी मी फारसे बोललो नाही. मात्र 50 वर्षांहून जुन्या गाडीची 'विंटेज' नोंदणी करावयाची तर ती मूळ रूपात हवी, असा केंद्र सरकारचा 2021 चा नियम आहे. गिऱ्हाईक त्यासाठी घेत असेल तर तेही बोलून टाका, एवढे सुचवले.

त्यांनी सांगितले. शौकीन गाडीखाली आडवा झाला, बराच वेळ बॅटरी मारून पाहिले, चहा घेतला आणि कळवतो म्हणून गेला. त्याचा फोन आलेला नाही. परवा इशानंतर त्याच जीपने त्यांनी मला घरी सोडले. सांध्यावरचा रंग त्यांनी खरवडून टाकला आहे.