बाबासाहेब भविष्यवेत्ते नव्हते



एप्रिल उजाडला की आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. बाबासाहेबांनी १९५५ मध्येच बिहार आणि मध्य प्रदेशाचे विभाजन होणार हे सांगितले होते, आणि २००० साली झारखंड व छत्तीसगड झाले. खाली 'भविष्यवेत्ता महामानव' अशी ओळ. भावना समजते, पण हा गौरव बाबासाहेबांना आवडला असता असे मला वाटत नाही. 'भाषिक राज्यांविषयी विचार' या पुस्तकात त्यांनी भाकीत केलेले नाही. राज्य अवाढव्य असेल तर बहुसंख्य जातीच्या हाती प्रचंड सत्ता जाते आणि विखुरलेला अल्पसंख्य तिच्याखाली दबतो, म्हणून राज्ये लहान ठेवा, असा त्यांचा युक्तिवाद आहे. त्यांनी उत्तर प्रदेशाचेही तीन भाग सुचवले होते. ते अजून झालेले नाहीत. ज्योतिषाच्या हिशेबाने मग बाबासाहेब चुकले म्हणायचे का? युक्तिवाद मात्र आजही तपासून पाहता येतो.

आपण राहतो त्या देशात 'भविष्य' हा शब्द रोज कानावर पडतो. शेख झायेद रोडवरचे म्युझियम ऑफ द फ्युचर २२ फेब्रुवारी २०२२ रोजी उघडले. गावाकडून पाहुणे आले की आपण त्यांना तिथे नेतोच. आतले जग २०७१ सालचे आहे, म्हणजे या देशाच्या शताब्दीचे. यामागे एक शिस्त आहे, तिला इंग्रजीत स्ट्रॅटेजिक फोरसाइट म्हणतात. उद्या काय होणार हे ती सांगत नाही. अमुक कारणे अशीच राहिली तर काय होईल, बदलली तर काय होईल, आणि दोन्हींसाठी आज काय करावे लागेल, एवढेच ती विचारते. शेल कंपनीत पिअर वॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच केले. तेल उत्पादक देशांनी हात आखडता घेतला तर काय, हा प्रश्न त्यांनी आधीच मांडून ठेवला होता. १९७३ चे तेलसंकट आले तेव्हा तारीख कोणालाच माहीत नव्हती, पण प्रश्न ओळखीचा होता.

यावर आपल्यातले काही साधक म्हणतात, तथागतांनी तर वर्तमानात राहायला शिकवले, मग हा भविष्याचा ध्यास कशाला? आक्षेप गंभीर आहे. भविष्याची तृष्णा आणि भविष्याची भीती, दोन्ही मनाला जाळतात, हे ध्यानाला बसणाऱ्याला कळते. पण दीघनिकायातले चक्कवत्ति-सीहनाद सुत्त एकदा निवांत वाचावे. राजा रक्षण करतो, पण निर्धनांना धन देत नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढते. दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या, हत्येतून असत्य, अशी साखळी सुरू होते आणि माणसाचे आयुष्यमान दहा वर्षांवर येते. हे शापाने किंवा दैवाने घडत नाही. एका धोरणाची चूक पुढे पिढ्यान् पिढ्या उतरत जाते. मग काही माणसे ठरवतात की आता हत्या करायची नाही, आणि तिथून साखळी उलटी फिरते. प्रतीत्यसमुत्पाद समाजाला लावला की तो असा दिसतो. यात पाहायचे आहे ते आजचेच कारण, म्हणून वर्तमानात राहण्याशी याचे भांडण नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतले भाषण मी याच अंगाने वाचतो. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा अंतर्विरोध लवकर दूर केला नाही तर विषमतेने पोळलेले लोक लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील, असा त्याचा आशय आहे. त्यातला 'तर' महत्त्वाचा. पण याच संविधानात दूरदृष्टीची मर्यादाही दिसते. कलम ३३४ नुसार कायदेमंडळातल्या राखीव जागांना दहा वर्षांची मुदत होती. (नोकरी-शिक्षणातल्या आरक्षणाला ती कधीच नव्हती, हे वाद घालणाऱ्यांना सांगून थकलो.) प्रत्येक दहा वर्षांनी ती वाढवावी लागली, आता ती जानेवारी २०३० पर्यंत आहे. प्रकल्प चालवणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहिले तर अंतिम तारीख लिहिली, पण त्या तारखेपर्यंत समाजाने कुठवर यायचे याचे टप्पे कुठेच लिहिले नाहीत. तारीख येत राहिली, कारणे तशीच राहिली.

उलट मिलिंद महाविद्यालय पाहा. निजामाच्या राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात, जिथे उच्च शिक्षणाची सोय नावालाच होती, तिथे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले. त्या वर्गांतून पुढे दलित साहित्याची आणि नामांतर लढ्याची एक पिढी उभी राहिली. कोण लेखक होईल, कोण लाठ्या खाईल हे १९५० मध्ये कोणाला ठाऊक होते? कारण पेरले होते, एवढेच.

आता आपले. २०७१ च्या इथल्या आराखड्यात आपण नागरिक म्हणून नाही, आणि त्यात गैर काही नाही. आपण इथे व्हिसाच्या मुदतीवर राहतो. म्हणजे आपला लांबचा विचार आपल्यालाच करावा लागेल. माझ्या क्षेत्रातले सांगतो. टेस्टिंग, सपोर्ट, सोपे कोडिंग ही आपल्या पहिल्या पिढीच्या इंजिनिअर मुलांची आत शिरायची दारे होती. नागपूर-अमरावतीचा, शिफारस नसलेला मुलगा त्यांतून आत यायचा. ही कामे एआय करू लागले तर ते दार अरुंद होईल. मग फक्त शिष्यवृत्तीची रक्कम वाढवून भागणार नाही. कोणत्या शाखेला, कोणत्या कौशल्याला मदत द्यायची हे आजच ठरवावे लागेल.

पण खरा नैतिक प्रश्न इथे सुरू होतो. हा विचार करायला बसणारे आम्ही कोण? इंजिनिअर, अकाउंटंट, एखादा डॉक्टर. आमच्या बैठकीत भविष्य म्हणजे मुलांचे कॅनडातले विद्यापीठ. लेबर कॅम्पमध्ये राहणारा आपला सुतार किंवा एसी टेक्निशियन उपासक जयंतीला सतरंज्या उचलायला असतो, या चर्चेला नसतो. त्याचे भविष्य वेगळ्या कारणांनी बांधलेले आहे: एजंटसाठी काढलेले कर्ज, गावाकडची कोरडवाहू दोन एकर, आणि परतताना मिळणारी ग्रॅच्युइटी, जी पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला फक्त २१ दिवसांच्या मूळ पगाराएवढी असते. मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त दाखवले की हाती काय येते, हे त्याला करार करतानाच कोणी सांगितले तर तीही दूरदृष्टीच. त्याच्याशिवाय आखलेले 'समाजाचे भविष्य' माझ्या मते मध्यमवर्गाचे कौटुंबिक नियोजन आहे. आपला अंदाज चुकला तर आपण दुसरी नोकरी शोधू. तो चुकीची किंमत व्याजासह फेडेल.

म्हणून समितीकडे मी एक सूचना दिली आहे. वर्षावासातली एक बैठक या बांधवांच्या राहण्याच्या ठिकाणाजवळ, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी घ्यावी. विषयपत्रिका आपण लिहून न्यायची नाही, त्यांनी सांगायची. ग्रॅच्युइटीचा हिशेब मांडून देऊ शकणारे दोघे-तिघे आणि शारजाहहून गाडी आणू शकणारे कोणी असतील तर त्यांनी सचिवांना कळवावे.